पाठकोरे कागद

११ जुलै, शुक्रवार

बाहेर जीव जाईल असं ऊन, आणि मंडळाला व्याख्यान हवंय. सकाळी सेक्रेटरीचा फोन आला. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी शाळेचा हॉल मिळालाय, 'जोगळेकर सर, यंदा तुम्हीच बोला.' यंदा मीच, म्हणजे गेल्या वर्षीचा तो म्युच्युअल फंडवाला पळाला असणार. त्याआधी ताणतणावांचं नियोजन, त्याआधी गुडघेदुखी. कुवेतमध्ये राहून मराठी माणसाच्या बुद्धीचं जे काही होतं ते आमच्या मंडळात येऊन बघावं.

मी म्हटलं, बोलेन, पण विषय माझा. एकोणिसाव्या शतकातलं रसायनशास्त्र. मग 'वा, वेगळा विषय आहे,' असं म्हणून तो मोकळा झाला.

उल्का म्हणाली, "लोक झोपतील." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बाईने माझ्या कुठल्याही बेताला पहिल्या फटक्यात बरं म्हटलेलं नाही.

झोपेनात का. मीना अल-अहमदी रिफायनरीच्या रस्त्याने रोज जाणारे निम्मे लोक त्या शतकाच्या जिवावर पोट भरतात. वोलरने प्राण्याच्या शरीराशिवाय युरिया करून दाखवला. पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने औषध करायला घेतलं आणि हाती जांभळा रंग लागला. मेंडेलीव्हने अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी तक्त्यात जागा रिकाम्या सोडल्या. केवढी हिंमत. आमच्याकडे एक्सेलच्या तक्त्यात एक चौकोन रिकामा राहिला तर ऑडिटवाला अंगावर येतो.

आजपासून टिपणं काढायची. कोऱ्या कागदावर कच्चं लिहायची मला सवय नाही, पुण्यात आमच्या घरी तो गुन्हाच होता. लॅबमधून आणलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घरी आहेच.

१५ जुलै, मंगळवार

शर्वरीने आज तिचा पेपर आणून दिला. शर्वरी म्हणजे माझ्या सेक्शनमधली केमिस्ट, नाशिकची. हुशार आहे, पण हुशारी जरा जास्त लवकर दाखवते.

तिचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात तेलाच्या टाकीवरून नमुन्याच्या बाटल्या व्हॅनमधून लॅबपर्यंत येतात, तेवढ्यात त्यातला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, उडून जातो आणि उरलेला झाकणातलं रबर शोषून घेतं. त्यामुळे आपले आकडे कमी येतात. टाकीवर चढणाऱ्या माणसाला वाटतं धोका नाही, आणि धोका असतो. तिने गेले दोन उन्हाळे स्वतः व्हॅनमधून फिरून हे तपासलंय. बाटली काठोकाठ भरायची, झाकण बदलायचं, बर्फाच्या पेटीत आणायची. इतकं साधं. वाचल्यावर मला वाटलं, हे मला कसं सुचलं नाही. मग वाटलं, सुचलंच असतं, मला वेळ कुठे आहे.

नोव्हेंबरात इथे परिषद आहे, तिथे तिला हा पाठवायचाय. आमच्याकडे पद्धत अशी, की सेक्शनच्या प्रमुखाने मान्यता दिल्याशिवाय पेपर बाहेर जात नाही, आणि परिषदेचा सभासदही मीच, ती नाही. सिस्टिममध्ये एक बटण दाबायचं असतं. पण मी बटणं दाबणाऱ्यांतला नाही. प्रिंट काढ म्हटलं, लाल पेनने बघतो. काढली. एका बाजूला छापलेली, छान मोठ्या अक्षरात.

लेखक म्हणून एकटीचं नाव आहे. माझं नाव आभारात. मला त्याचं काही वाटलं नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, अजिबात काही वाटलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

सापडला. माझं व्याख्यान मला सापडलं.

आर्चिबाल्ड कूपर. स्कॉटलंडचा, वय सत्तावीस. १८५८ साली पॅरिसला वुर्ट्झ नावाच्या बड्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये काम करत होता. कार्बनला चार हात असतात आणि कार्बन कार्बनचा हात धरून साखळी करतो, हे त्याने ओळखलं. सगळं पेट्रोल, सगळं प्लॅस्टिक, आपण स्वतः, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. त्याने पेपर लिहिला आणि वुर्ट्झला दिला, की विज्ञान अकादमीपुढे ठेवा. वुर्ट्झ स्वतः तेव्हा अकादमीचा सभासद नव्हता, त्याला दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं होतं. म्हणून राहिलं. राहिलं, राहिलं, आणि तेवढ्यात जर्मनीचा केकुले तीच गोष्ट छापून मोकळा झाला. मान केकुलेचा. कूपर वुर्ट्झशी भांडला, तर वुर्ट्झने त्याला लॅबमधून हाकलला. पोरगा घरी गेला, डोक्यावर परिणाम झाला, आणि पुढची तीसेक वर्षं आईने त्याला सांभाळला. पुन्हा रसायनशास्त्राला हात लावला नाही.

वाचून माझं रक्त उकळलं. 'दुसऱ्याला विचारायचं होतं.' काय पण कारण. एका माणसाचा जन्म तुमच्या टेबलावर पडलाय आणि तुम्हाला विचारायचंय. अशा माणसाला भर चौकात उभं करायला हवं.

माझंही तेच झालं होतं. २००९ साली गाळाच्या चाचणीची पद्धत मी बसवली आणि तेव्हाच्या मॅनेजरने बहारीनला जाऊन स्वतःच्या नावाने वाचली. माझं नाव? आभारात. शेवटच्या ओळीत, कॅन्टीनवाल्याच्या आधी. उल्काला हे शंभरदा सांगितलंय. ती आता ऐकता ऐकता भाजी निवडते.

६ ऑगस्ट, बुधवार

शर्वरीने पेपरचं विचारलं. बघतोय म्हटलं. खरंच बघतोय. दुसऱ्याच पानावर स्वल्पविराम चुकलेत, आणि 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही हे तर तिला कुणी शिकवलेलंच दिसत नाही. उद्या लोक म्हणायचे, जोगळेकरांच्या सेक्शनमधून असलं इंग्रजी बाहेर पडतं. तिला समजावून सांगितलं, की घाईने पाठवलेल्या कामाला किंमत नसते. ती "हो सर" म्हणाली. पूर्वी "हो सर" नंतर आणखी काहीतरी असायचं, हल्ली नसतं.

व्याख्यानाची सुरुवात तीनदा लिहून फाडली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांचं सर्क्युलर आलंय. ऑक्टोबरअखेर ज्यांचं संपतं त्यांतल्या थोड्यांचंच वाढणार. सीनिअर केमिस्टची एक जागा आहे, ज्याच्या नावावर काही ठोस काम असेल त्याला.

शर्वरी दार लोटून आत आली आणि उभ्यानेच बोलली. "सर, परिषदेत पेपर लागला तर माझा त्या जागेसाठी विचार होईल. नाही लागला तर इकामा, इथे राहायचा परवानाच जाईल. प्रियांका दहावीला आहे. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा आहे, आत्ता मध्येच तिला उचलून कुठे नेऊ?"

प्रियांका तिची मुलगी. नवऱ्याची इथली नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली, तो नाशिकला आहे, तिथेही धड काही चालू नाही. म्हणजे सगळं हिच्यावर. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण दडपण आणून काम करून घ्यायची ही रीत मला पटत नाही. मी म्हटलं, "अगं, एकतीस ऑगस्ट शेवटची तारीख आहे ना? मग? मी आहे ना."

ती गेल्यावर पेपर काढला, चार पानं लाल केली. मग सेक्रेटरीचा फोन आला, पोस्टरवर कुठला फोटो टाकायचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

परवा पुण्याला. गणपतीला मी गेलो नाही असं कुवेतला आल्यापासून एकदाही झालेलं नाही.

काल शर्वरी पुन्हा आली होती. माझं लाल करून झालंय, तिने दुरुस्त्याही केल्यात, आता नुसतं बटण दाबायचं बाकी आहे असं तिचं म्हणणं. तसं ते आहेच. पण नमुन्याचे आकडे इतकी वर्षं कमी येत होते असं छापायचं, म्हणजे मॅनेजरच्या कानावर घातलेलं बरं. तो सुट्टीवर, लेबनॉनला, महिनाअखेरीस येईल. न विचारता पाठवलं आणि उद्या त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर? मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. शर्वरीला म्हटलं, पुण्याहून लॅपटॉपवरून करतो.

तिने फक्त एवढंच विचारलं, "सर, तिकडून सिस्टिम उघडते?"

उघडेल की. न उघडायला काय झालं.

लाल केलेली ती प्रिंट बॅगेत टाकली आहे. तिच्याकडे आता दुरुस्त केलेली प्रत असल्याने हिचा तसा काही उपयोग नाही, पण मागची बाजू अगदी स्वच्छ आहे. विमानात टिपणं काढायला बरी.

२ सप्टेंबर, मंगळवार, पुणे

सिस्टिम काही उघडली नाही. पासवर्ड मागते, मग मोबाइलवर नंबर पाठवते, तो नंबर कुवेतच्या सिमवर जातो, आणि ते सिम इथे मुडद्यासारखं पडलंय. मी काय करणार? शर्वरीचे फोन इथल्या नंबरवर येऊन गेले. एकदा आरती चालू होती, एकदा पंगत बसली होती. गौरी-गणपतीच्या घरात माणूस फोन घेऊन कोपऱ्यात बसत नाही, हे तिलाही कळायला हवं. तीही आपल्याकडचीच, नाशिकची आहे.

एक मात्र झालं. व्याख्यान उतरलं. काल दुपारी सगळे निजलेले असताना वुर्ट्झवरचा परिच्छेद एका दमात लिहिला. तिच्या पेपरची पानं पाठीमागून पार भरून गेली. भावाला वाचून दाखवलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

८ सप्टेंबर, सोमवार

आल्या आल्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "सुरेश, यात मला काय विचारायचं? पाठवून द्यायचा." बटण दाबलं. परिषदेकडून तासाभरात उत्तर, मुदत संपली, पुढच्या वर्षी जरूर पाठवा.

शर्वरीला बोलावून सांगितलं. पुढच्या वर्षी जरूर पाठवा असं त्यांनी स्वतःहून लिहिलंय, हेही सांगितलं. ती तिच्या टेबलापाशी गेली आणि नमुने लावायला लागली.

३० सप्टेंबर, मंगळवार

परिषदेचा कार्यक्रम आला. शुऐबाकडच्या एका खाजगी लॅबमधल्या दोघांचा पेपर आहे, उन्हाळ्यात बाटलीतून उडून जाणाऱ्या वायूबद्दल. झाकणाचं रबरसुद्धा. सारांश वाचला. आपल्या शर्वरीचं काम यापेक्षा सरस आहे, हे मी कुणापुढेही सांगेन. पण आता पुढच्या वर्षी हिचा पाठवून काय उपयोग? लोक म्हणतील उष्टं आहे.

मला वाटलं होतं ती काही बोलेल. कूपर बोलला होता, भांडला होता. ही कार्यक्रमाचं पान खाली सरकवत शेवटपर्यंत गेली आणि "बरं झालं सर, कुणीतरी सांगितलं. टाकीवर चढणाऱ्या माणसांना तरी कळेल," म्हणाली. स्वभावाने समजूतदार आहे. आमच्या सेक्शनमधलं वातावरणच तसं आहे, इथे कुणी कुणाला हाकलत नाही.

उल्काला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि विचारलं, "तुम्ही तो पेपर किती दिवस ठेवलात?"

मी म्हटलं, ठेवला म्हणजे काय? तपासत होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एचआरने कॉन्ट्रॅक्टवरच्या प्रत्येकाबद्दल माझं मत मागवलं होतं. शर्वरीबद्दल मी अगदी मनापासून लिहिलं. कष्टाळू, प्रामाणिक, वेळेची पक्की. शेवटी एक रकाना होता, 'प्रकाशित काम'. तिथे खोटं कसं लिहू? नाही, असं लिहिलं.

आज यादी लागली. तिचं नाव नाही. ती सीनिअर केमिस्टची जागाच गोठवली म्हणे. बघा, म्हणजे पेपर लागला असता तरी काय झालं असतं, कोण जाणे. हे उल्काला सांगितलं तर ती पदर खोचून आत निघून गेली. दिवाळीचं तळण काढायचंय हे कबूल, पण माणसाने बोलणं तरी पुरतं ऐकून घ्यावं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काल व्याख्यान झालं. लिहायला हात शिवशिवतोय.

हॉल भरला होता. झोपलं कुणीही नाही. वोलर, पर्किन, मेंडेलीव्ह असं हळूहळू वर चढवत नेलं आणि मग कूपर. स्पीकर लावायला गफूरभाई परकार आले होते. रत्नागिरीचे, अर्दियाला त्यांचं कार्गोचं गोडाऊन आहे, आणि मंडळाचं सगळं सामान तेच ने-आण करतात. तेसुद्धा वायर हातात तशीच धरून ऐकत उभे राहिले.

शर्वरी पहिल्या रांगेत होती, शेजारी प्रियांका. मला बरं वाटलं. म्हटलं, मनात काही ठेवलेलं नाही पोरीने. मी पोडियम घेतच नाही, कागद छातीशी उभे धरून वाचतो, म्हणजे श्रोत्यांकडे नजर राहते. वुर्ट्झचा परिच्छेद आला. 'एका तरुणाची बुद्धी या माणसाच्या टेबलावर पडून होती, आणि याला कुणाला तरी विचारायचं होतं.' शर्वरीची नजर सुरुवातीपासून माझ्या हातातल्या कागदांवरच खिळलेली होती. मान तिरकी करून एकेक पान बघत होती, जणू माझ्याबरोबर तीही वाचतेय. प्रियांका काहीतरी कुजबुजली आणि कागदांकडे बोट करायला लागली, तेव्हा शर्वरीने तिचा हात खाली केला. हल्लीच्या मुलांना दोन तास एका जागी बसवत नाही. इतकं मन लावून ऐकणारा श्रोता मला जन्मात मिळालेला नाही.

शेवटी प्रश्न. एकाने पेट्रोलचे भाव विचारले. मग शर्वरी उठली.

"सर, कूपरचं काय झालं ते कळलं. पेपर ज्यांनी ठेवून घेतला त्यांचं पुढे काय झालं?"

फार चांगला प्रश्न. मी म्हटलं, काहीही नाही. ते अकादमीत गेले, मोठे झाले. आयफेल टॉवरवर शास्त्रज्ञांची नावं कोरलीत त्यात वुर्ट्झ आहेत. आपण सगळ्यांनी अकरावी-बारावीला वुर्ट्झ रिअ‍ॅक्शन पाठ केलीय, कूपरचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? एकही हात वर झाला नाही.

"आणि आपण चुकलो असं त्यांना कधी वाटलं?"

मी म्हटलं, "माझ्या वाचनात तरी तसं कुठे आलेलं नाही. बहुधा त्यांना ते कळलंच नसेल."

"हो सर," म्हणाली आणि बसली. टाळ्या इतका वेळ वाजल्या की मला खाली बघावं लागलं.

बाहेर प्रियांका भेटली. दहावीचं काय करणार म्हणून विचारलं, तर "इट्स ओके अंकल," म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं.

घरी येताना फर्वानियाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा उल्का म्हणाली, "मी तिच्या मागच्याच खुर्चीवर होते. तुमच्या हातातली पानं मलाही दिसत होती. तुमच्या लाल रेघांसकट."

मी म्हटलं, "मग?"

तिने खिडकीकडे तोंड केलं. व्याख्यान कसं झालं, एवढं तरी विचारायला हवं होतं तिने.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गफूरभाईंचा फोन. "जोगळेकर साहेब, तुमच्या लॅबच्या मॅडमचं सामान भरलं आज. मुलीची सायकल जाईना बॉक्समध्ये, तर ती माझ्या नातवाला देऊन टाकली त्यांनी. तुम्ही येणार ना एअरपोर्टवर पोचवायला?"

मला ठाऊकच नव्हतं की ती याच शुक्रवारी जातेय. इतकी वर्षं एका छताखाली काम केलं, आणि बातमी मला कार्गोवाल्याकडून कळावी? मनाला लागलं. आपण माणसांसाठी करतो, माणसं लक्षात ठेवत नाहीत.

उल्का जाणार आहे पोचवायला. मला चल म्हणाली नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शर्वरी क्लिअरन्सची सही घ्यायला आली. माझ्या सहीशिवाय तिचा हिशोब सुटत नाही, इकामा रद्द होत नाही आणि देश सोडता येत नाही.

मी बस म्हटलं. ती उभीच राहिली. टेबलावर व्याख्यानाचे कागद होते, मंडळाच्या वार्षिकांकात छापायचे म्हणून टाइप करायला काढलेले. तिने ते पाहिले.

"सर, ती पानं मला मिळतील?"

मी म्हटलं, "अगं, त्यावर आता माझं व्याख्यान आहे. तुझ्या बाजूची झेरॉक्स देऊ का?"

"नको सर. राहू दे."

वाद घालत बसली नाही, हे तिचं चांगलं. मी सही केली. एक ओळ वाचली नाही, स्वल्पविराम बघितला नाही, कुणाला विचारलं नाही. तिने कागद पुढे केला तसा उभ्या उभ्या मोकळा केला. तिलाही आश्चर्य वाटलं असावं, कारण सहीकडे बराच वेळ बघत राहिली. मग "आभारी आहे सर," म्हणाली आणि दार हळू लावून गेली.

कुणी काही म्हणो, माझ्या टेबलावर कुणाचं काम अडून राहिलं असं आजवर झालेलं नाही.